ये-जा करण्यास परवानगी मिळावी

मी आजवर लिहिलेल्या मजकुरांपैकी ज्यावर सर्वांत जास्त लोकांनी सह्या केल्या, तो मजकूर एका ओळीचा आहे. "सोसायटीच्या मागील गेटमधून ये-जा करण्यास परवानगी मिळावी, ही नम्र विनंती." वर तारीख, खाली सही, उजव्या कोपऱ्यात फोटोसाठी चौकोन. नोकरीत मी याहून कितीतरी मोठे कागद लिहितो, पण ते परदेशातल्या कुठल्यातरी ग्राहकासाठी असतात आणि शेवटपर्यंत कुणी वाचत असेल असं मला वाटत नाही. हा एका ओळीचा कागद मात्र तालुक्याच्या कचेरीत तहसीलदार साहेबांपुढं मोठ्यानं वाचला गेला. त्या वेळी मी तिथं हजर होतो.

माझं काम काय ते थोडक्यात सांगतो, कारण पुढं त्याचा संबंध येतो. सॉफ्टवेअर तयार करण्याआधी ग्राहकाला नेमकं काय पाहिजे, हे लिहून काढावं लागतं. ते मी लिहितो. अमुक गोष्ट यंत्रणा 'करील' आणि 'करू शकेल' या दोन शब्दांत किती अंतर आहे, यावर मी नवीन आलेल्या मुलामुलींना अर्धा अर्धा दिवस पिळतो. एक क्रियापद चुकलं की सहा महिन्यांनी दोन कंपन्यांची भांडणं लागतात. शब्दांच्या बाबतीत हा माणूस खवट आहे, असं ऑफिसात सगळे म्हणतात. बायकोही म्हणते, पण तिच्याकडं इतरही पुरावे आहेत.

मी मूळचा हिंगोलीकडचा. हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा खोली शोधायला शेजारच्या माण गावात आलो. गावातल्या बहुतेकांनी तोवर शेतात खोल्यांच्या रांगा उठवल्या होत्या आणि प्रत्येक कोपऱ्यावर 'रूम भाड्याने देणे आहे' अशी पाटी होती. पहिल्या दोन ठिकाणी मला खोली दाखवली, पंखा लावून दाखवला, नळ सोडून दाखवला. मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर त्यांना आठवलं, की खोली कालच कुणालातरी कबूल केलेली आहे. आम्ही बौद्ध. लोकांना असं अचानक काहीतरी आठवतं, याची मला शाळेपासून सवय होती, त्यामुळं मी वाद घातला नाही. पिशवी उचलली आणि पुढच्या पाटीकडं गेलो.

तिसऱ्या पाटीखाली मावशी बसल्या होत्या. पदर खोचलेला, हातात पेंडीचं घमेलं, मागं गोठ्यात दोन म्हशी. पत्र्याच्या आठ खोल्यांची एक रांग. मी खोलीबद्दल विचारलं तर त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि एकच प्रश्न विचारला.

"पानी किती लागतं तुला?"

"दोन बादल्या," मी म्हणालो.

"आदी समदी दोनच म्हंत्यात."

आणि खोलीची किल्ली दिली. आडनाव त्यांनी महिन्याभरानं विचारलं, पोलिसांकडं भाडेकरूंची माहिती द्यायची होती म्हणून. मी सांगितलं. त्यांनी ते वहीत सावकाश लिहिलं, वही माझ्याकडं फिरवली आणि म्हणाल्या, "काना-मात्रा बग बरं बरोबर हाय का. सातवीनंतर लिवायची सवय सुटली माझी." काना-मात्रा बरोबर होती. त्या दिवशी मी खोलीत जाऊन दार लावलं आणि थोडा वेळ नुसता बसून राहिलो. मला फार बरं वाटलं होतं, एवढंच.

त्या खोलीत मी पाच वर्षं काढली. गोठ्यामागून एक पायवाट निघायची, भातखाचराच्या बांधावरून ओढ्याच्या कडेनं जायची आणि कंपनीच्या फाटकासमोरच्या रस्त्यावर चढायची. बारा मिनिटं लागायची. गाडीरस्ता मात्र सगळ्या गावाला वळसा घालून, वाहनांच्या गर्दीतून येतो. त्यानं गेलं की पाऊण तास मोडतो. म्हणून आम्ही आठही खोल्यांतले लोक वाटेनंच जायचो. पावसाळ्यात बांध निसरडा व्हायचा. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची, बूट प्लास्टिकच्या पिशवीत घालून हातात धरायचे, आणि कंपनीच्या बागेच्या नळाखाली पाय धुऊन आत शिरायचं. बूट हातात घेऊन चालताना मला एक-दोनदा आजोबांची आठवण आली. आमच्या गावात त्यांच्या लहानपणी वेशीतून आत जाताना पायातलं हातात घ्यावं लागायचं. त्यांचं कारण वेगळं होतं. माझं निव्वळ चिखलाचं होतं, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

त्या वाटेनं जाताना मी कुणाला कधी विचारलं नाही. विचारायचं असतं, हे मनातसुद्धा आलं नाही.

बोलण्यावरून मात्र आमची रोज जुंपायची. मी 'कामून' म्हणालो की मावशी हसायच्या, त्या 'कशापायी' म्हणाल्या की मी हसायचो. "तुमच्याकडं मराठी बोलायला मास्तर नव्हता का रं?" असं त्या विचारायच्या. मी म्हणायचो, होता, पण तो पुण्याचा नव्हता. दोघांनाही हे उत्तर आवडायचं.

मग मावशींच्या यजमानांनी बांधाची सगळी खाचरं बिल्डरला दिली. खोल्या आणि गोठा तेवढा मागं राहिला. व्यवहार ठरला त्या दिवशी बिल्डरचा माणूस गोठ्यासमोर बाजेवर बसून चहा प्यायला. मी सुट्टीमुळं घरी होतो, कपडे धूत होतो, त्यामुळं त्याचं बोलणं मी कानांनी ऐकलं. "वाटेची काळजी करू नका, वाट तुमचीच राहणार," असं तो म्हणाला. कागदात ते कुठं आलं नाही. पण माणूस अगदीच खोटा नव्हता. भिंत बांधताना त्यानं वाटेच्या तोंडाशी एक छोटं लोखंडी गेट ठेवलं, आणि आत जनरेटर नि सांडपाण्याच्या टाकीच्या बाजूनं रस्त्यापर्यंत फरशीही घातली. जमिनीच्या पैशांचं पुढं काय झालं ते सांगणारा मी कोण? यजमान दोन वर्षांत गेले. मुलानं गाड्या घेतल्या आणि तो पिरंगुटला वेगळा राहायला गेला. मावशींकडं राहिल्या त्या आठ खोल्या आणि दोन म्हशी. खोल्यांवर त्यांचं चालत होतं, आणि खोल्या चालत होत्या त्या वाटेवर. बारा मिनिटांत कंपनी, हीच त्या पत्र्याखालची सगळी मालमत्ता होती.

उंच इमारती उभ्या राहिल्या. माझं लग्न झालं, बायकोलाही याच भागात नोकरी लागली, दोघांच्या पगारावर कर्ज मिळालं आणि आम्ही त्याच सोसायटीत सातव्या मजल्यावर घर घेतलं. टेम्पो करायचीही गरज पडली नाही. सामान मी आणि शेजारच्या खोलीतल्या दोघांनी मागच्या गेटनं हातांनी वाहून नेलं. गृहप्रवेशाला मावशी आल्या. इंद्रायणी तांदळाची छोटी गोणी घेऊन आल्या, तोही विकत आणलेला होता, कारण आता त्यांचं भात नव्हतंच. गॅलरीत उभं राहून त्यांनी बराच वेळ खाली बघितलं. मला वाटलं आता डोळ्यांत पाणी येणार. त्या म्हणाल्या, "तुज्या सैपाकघराच्या बराबर खाली लई खेकडी घावायची. मोठाली. हितं कवाच कुनी उपाशी ऱ्हायलं न्हाई बग."

त्या दिवसापासून मी सोसायटीवाला झालो. गावात आता दोनच जाती आहेत असं मला कधीकधी वाटतं, गाववाले आणि सोसायटीवाले. म्हणजे जुन्या आहेत त्या आहेतच, त्यांच्यावर या दोन आणखी चढल्या. माझ्यापुरतं सांगायचं तर, या नव्या वाटणीत मी आयुष्यात पहिल्यांदा वरच्या बाजूला उभा होतो. तिथून खालचं छान दिसतं.

सोसायटीच्या कमिटीत मला घेतलं ते मराठीसाठी. अध्यक्ष दक्षिणेकडचे, निवृत्त, अतिशय सभ्य. त्यांनी आवाज चढवलेला मी कधीच ऐकला नाही. बाकीचे सदस्यही निरनिराळ्या प्रांतांतले. ग्रामपंचायतीला पत्र लिहायचं, टँकरवाल्याशी बोलायचं, वीज कंपनीची नोटीस समजून सांगायची, ही कामं माझ्याकडं आली. मला ती आवडायची. ऑफिसात माझ्या मराठीला कुणी विचारत नव्हतं.

मग दोन मुलांच्या सायकली हरवल्या. सायकली बाहेरच्यांनी नेल्या असं सोसायटीच्या ग्रुपवर अर्ध्या तासात ठरलं, आणि बाहेरचे म्हणजे मागच्या गेटचे हे पुढच्या अर्ध्या तासात. (त्या सायकली पुढं दुसऱ्या इमारतीच्या तळघरात सापडल्या. ती बातमी ग्रुपवर टाकली तेव्हा तिला दोन अंगठे आले.) मीटिंगमध्ये बहुतेकांचं म्हणणं पडलं, की गेट कायमचं बंद करावं. मला मावशी दिसत होत्या, खोल्या दिसत होत्या. मी उठून म्हणालो, की बंद करण्यापेक्षा ओळखपत्रं देऊ. प्रत्येकाचा फोटो, नाव आणि फोन नंबर आपल्याकडं राहील. वर्षभराची मुदत ठेवू. फॉर्म मी करतो, सह्या मी आणतो. अध्यक्षांनी माझ्या समंजसपणाचं कौतुक केलं. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, "वाचवलं गेट." आणि त्याच खुशीत बसून ती एक ओळ लिहिली. नम्र विनंती हे माझंच. त्याशिवाय अर्ज कोरडा वाटत होता.

रविवारी फॉर्म घेऊन खोल्यांकडं गेलो. भाडेकरूंनी न वाचता सह्या केल्या. त्यांच्यासाठी तो आणखी एक फॉर्म होता. मावशींनी मात्र चष्मा आणला, कागद उजेडात धरला आणि ओठ हलवत वाचला.

"परवानगी कशापायी मागायची?" त्या म्हणाल्या. "वहिवाट हाय आमची. माज्या सासूच्या आदीपास्नं लोक जात्यात हितनं."

वहिवाट म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेली वाट. हा शब्द मला माहीत होता. नुसता माहीतच नव्हता, आवडायचासुद्धा. मी म्हणालो, "आहेच हो तुमची. हा नुसता कागद आहे मावशी. फॉर्मॅलिटी. यावर सही झाली की कुणी अडवणार नाही."

"न्हाई मागितली तर अडवत्याल?"

"आत्ता तरी अडवतील."

"आन् मागितली तर न्हाई?"

"नाही. मी आहे ना कमिटीत."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग कागद मांडीवर ठेवून, एकेक अक्षर जोडत सही केली. "तू म्हंतोस म्हनून," त्या म्हणाल्या, आणि पेन माझ्या हातात परत दिला.

ओळखपत्रं आली. रहिवाशांची निळी होती, मागच्या गेटची पिवळी. गेटवर एक रखवालदार नेमला. तो बिहारचा, वयानं मोठा, स्वभावानं गरीब, आणि राहायला मावशींच्याच तिसऱ्या नंबरच्या खोलीत. सकाळी मावशी सोसायटीतल्या चार घरांना दूध घालायला निघाल्या, की त्यांचाच भाडेकरू त्यांना म्हणायचा, "माताजी, कार्ड." मावशी दुधाच्या किटलीच्या पिशवीतून कार्ड काढून त्याच्यासमोर धरायच्या. पहिले काही दिवस दोघंही लाजायचे. मग सवय झाली. सवय झाली हे मी चांगलं लक्षण मानलं होतं.

वर्ष संपत आलं तेव्हा नवी मागणी आली, पळण्यासाठी ट्रॅक पाहिजे. सोसायटीला पूर्ण वळसा घालणारा, मऊ, तांबड्या रंगाचा. नकाशात तो बरोबर मागच्या गेटवरून जात होता. मीटिंगमध्ये अध्यक्षांनी शांतपणे सांगितलं, की पिवळ्या कार्डांची मुदत संपतेय, ती आपण वाढवणार नाही, गेटला कुलूप घालू आणि काही दिवसांनी भिंत पूर्ण करू. मी म्हणालो, की असं करता येणार नाही, ती त्या लोकांची वहिवाट आहे. तो शब्द इंग्रजीत सांगताना माझी तारांबळ उडाली. अध्यक्षांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग समोरची फाईल उघडली आणि माझ्यापुढं सरकवली. "पण त्यांनी तर आपल्याकडं परवानगी मागितली होती," ते म्हणाले. "हक्क असलेला माणूस परवानगी कशाला मागेल? फॉर्म तुम्हीच तयार केला होता, नाही का?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी फाईलमधली ती ओळ वाचली. करील आणि करू शकेल यांवर लोकांना पिळणारा मी, वहिवाट आणि परवानगी यांतला फरक मला दिसला नव्हता. आणि दिसला नव्हता म्हणावं तरी कसं? परवानगीनं मिळालेली वाट देणाऱ्याच्या मर्जीवर असते, हे माझ्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. आजोबांनी जन्मभर ती भोगली. तरी कागदावर हात ठेवला तेव्हा माझ्या हातून हेच शब्द उतरले, आणि वर ते मला सभ्य वाटले. मला स्वतःची भयंकर चीड आली. मीटिंगमध्ये मात्र मी फाईल मिटून परत सरकवली.

कुलूप लागलं. पहिल्याच महिन्यात तीन खोल्या रिकाम्या झाल्या, नंतर आणखी दोन. जाणाऱ्यांची चूक नव्हती. रोज पाऊण तास आणि परत पाऊण तास कोण घालवणार? ते जांबे गावाकडं राहायला गेले. मावशींनी दुधाची घरंही सोडली, कारण पुढच्या गेटनं वळसा घालून येईपर्यंत लोक पिशवीचं दूध आणून मोकळे व्हायचे. मग मावशींनी वकील केला आणि वहिवाट अडवल्याची तक्रार तालुक्याला दाखल केली.

सुनावणीला अध्यक्षांनी मला बरोबर बोलावलं. तिथलं बोलणं मराठीत चालणार, त्यांना समजावून सांगणारं कुणीतरी हवं होतं. बायको म्हणाली, "तू कुणाच्या बाजूला बसणार आहेस तिथं?" मी म्हणालो, आत राहिलो तर काहीतरी मदत करता येईल. खरं म्हणजे नाही म्हणायचं धाडस झालं नाही. आम्ही अध्यक्षांच्या गाडीनं गेलो. गाडीत एसी होता, आणि ते वाटेत माझ्या मुलीच्या शाळेची चौकशी करत होते.

मावशी समोरच्या बाकावर होत्या. नेसूची नवी साडी, मांडीवर पिशवी. आमच्या वकिलानं अर्जांचा गठ्ठा पुढं केला. साहेबांनी वरचा अर्ज उचलून मोठ्यानं वाचला. माझी ओळ त्या खोलीत अगदी स्वच्छ ऐकू आली.

"ही सही तुमची?"

"व्हय."

"जबरदस्तीनं घेतली? फसवून घेतली?"

"न्हाई."

"वाचून केली होती?"

"वाचली की. सातवी पास हाय मी."

"मग वाट तुमची होती, तर परवानगी का मागितली? अर्ज कुणी लिहून दिला होता?"

मी त्यांच्यापासून चार हातांवर बसलो होतो. त्यांनी मान वळवली असती तर मी दिसलो असतो. त्यांनी मान वळवली नाही.

"सही माजी हाय ना साहेब," मावशी म्हणाल्या. "मंग चूक बी माजीच."

अध्यक्ष माझ्या कानाशी वाकले. "काय म्हणाल्या?"

"त्या म्हणतायत, चूक त्यांची होती," मी इंग्रजीत सांगितलं. शब्दाला शब्द बरोबर होता.

साहेबांनी मावशींच्या वकिलाला सांगितलं, की या अर्जांच्या आधीपासून लोक ही वाट वापरत होते, याचा पुरावा आणा, साक्षीदार आणा. पुढची तारीख दिली. बाहेर पडल्यावर मी अध्यक्षांना दोन मिनिटं थांबायला सांगितलं आणि मावशींना गाठलं. त्या झाडाखाली मुलाच्या गाडीची वाट बघत होत्या.

"माझं नाव का नाही घेतलं?" मी विचारलं.

"घिऊन काय झालं असतं?" त्या म्हणाल्या. "तुला तितंच ऱ्हायचंय. पोरगी शाळंला जाती न्हवं आता?"

मी हो म्हणालो आणि गाडीत जाऊन बसलो.

साक्षीदाराचं मला रखवालदाराकडून कळलं. मागचं गेट बंद झाल्यावर त्याला पुढच्या गेटवर घेतलं होतं, पण खोली त्यानं सोडली नव्हती. सकाळी माझी गाडी थांबवून तो हळू आवाजात म्हणाला, "साहब, माताजी को गवाह नहीं मिल रहा." गावातले दहा लोक तयार होते, पण गाववाले एकमेकांच्या बाजूनं बोलणारच, असं समोरचा वकील म्हणणार. जुने भाडेकरू पांगले होते. कुणी बंगळूरला, कुणी परदेशात, काहींचे नंबरही बदलले होते. त्या आठ खोल्यांत राहिलेला आणि आज सोसायटीचा सभासद असलेला माणूस एकच होता. मावशींना ते माहीत होतं, त्यांच्या वकिलालाही माहीत असणार. मला मात्र कुणी विचारलं नाही. त्या दिवशी ऑफिसात मी एक शब्दही लिहू शकलो नाही.

घरी जाऊन बायकोला सांगितलं. ट्रॅकवर रोज भेटणारे लोक, मुलीच्या मैत्रिणी, दिवाळीचे फराळाचे डबे, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं असणार, कारण माझ्याही गेलं. मग ती म्हणाली, "लिही. आणि या वेळी त्यांना दाखवून मग दे."

मी कमिटीचा राजीनामा दिला आणि प्रतिज्ञापत्राचा मसुदा लिहायला बसलो. रविवारी मावशींना बोलावलं. त्या गावाला वळसा घालून पुढच्या गेटवर आल्या, आणि माझा फोन वाजला. पाहुणा आला की फोनवर फोटो येतो आणि खाली दोन बटणं, हिरवं आणि लाल. रखवालदारानं काढलेल्या फोटोत मावशी सरळ कॅमेऱ्याकडं बघत होत्या. मी हिरवं दाबलं. वर आल्यावर त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. मी म्हणालो आत काढा, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, चिकुल हाय."

बायकोनं चहा केला. मावशींनी चष्मा लावला आणि मसुदा उजेडात धरून, प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवत वाचायला सुरुवात केली. मी कुठून कुठपर्यंत राहिलो, खोलीचा नंबर, बांध, ओढा, बिल्डरच्या माणसाचं बोलणं. बोट सावकाश पुढं जात होतं. पाचव्या ओळीवर ते थांबलं.

"ह्ये काय लिवलंयस?"

मी वाकून बघितलं. "'त्या काळात मला व इतर भाडेकरूंना सदर वाटेने जाऊ दिले जात असे.'"

"जाऊ दिलं? कुनी दिलं?"

"कुणी नाही. कोर्टाच्या कागदांत तशी भाषा असते, मावशी."

"मागल्या बारीला बी तू ह्येच म्हनला व्हतास."

त्यांचा आवाज रागाचा नव्हता. त्यांनी बोट उचललं नाही. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. कुणी जाऊ दिलं नव्हतं, कुणी अडवलंही नव्हतं. इतकं सगळं होऊनही माझ्या हातानं त्या बांधावर कुणीतरी एक देणारा उभा केला होता.

"मग काय लिहू?"

"तू काय करायचास?"

"जायचो."

"मंग तसं लिव."

मी ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'मी या वाटेने रोज जात होतो. कुणाला विचारत नव्हतो.' मावशींनी ती दोन वाक्यं दोनदा वाचली आणि कागद माझ्याकडं फिरवला.

"आता हितं सही कर."

"मावशी, ही कच्ची प्रत आहे. खरी सही नोटरीपुढं करायची असते."

"ती तितं कर," त्या म्हणाल्या. "आदी हितं, माज्या म्होरं."

त्यांनी पेन माझ्यापुढं धरला. मी सही केली.